हैदराबादचा प्रश्न १९५० मध्ये छापून आला, जायकवाडीचा कधी येणार?

मराठवाड्यातील विद्यापीठांच्या विधी अभ्यास मंडळांचे व संशोधन मान्यता समित्यांचे सन्माननीय सदस्य आणि सर्व संशोधन मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या १७ सप्टेंबरला कॉलेजातलं झेंडावंदन आटोपलं आणि एक विद्यार्थिनी कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) पास झालेली, प्रबंधासाठी विषय शोधणारी. कागदावर तीन विषय होते: आंतरराष्ट्रीय दहशतवाद, सायबर गुन्हे, आणि मानवी हक्कांच्या संरक्षणात संयुक्त राष्ट्रांची भूमिका. ‘हेच का?’ असं विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, याच विषयांना मान्यता मिळते आणि यावर पेपर पटकन निघतात.’ मी विचारलं, आज झेंडा कशासाठी लावला? मुक्तिसंग्रामासाठी, ती म्हणाली. मग विचारलं, त्याच आठवड्यात १९४८ साली आपला प्रश्न पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे होता, हे ठाऊक आहे का? ठाऊक नव्हतं. एलएल.बी. आणि एलएल.एम. या दोन्ही वेळा तिने आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेला. पण दोष तिचा नाही. तिला तो विषय मीच शिकवला होता, आणि हे मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं.

गेली एकवीस वर्षं मी बीड जिल्ह्यात हा विषय शिकवते आहे. हे पत्र लिहायला मी खूप उशीर केला.

निझाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, १६ तारखेला परिषदेने प्रश्न चर्चेला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी निझाम शरण आला. हैदराबाद हे सार्वभौम राज्य होतं का? सदस्य नसलेल्या राज्याला सनदेच्या ३५व्या कलमाखाली परिषदेचं दार ठोठावता येतं, पण मुळात ते राज्यच नसेल तर? २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार हा दोन राज्यांमधला करार मानायचा, की ही सगळी भारताची अंतर्गत बाब? या प्रश्नांवर ‘अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’ या नियतकालिकात १९५० साली क्लाइड ईगलटन यांचा पंचविसेक पानांचा लेख छापून आला. ते नियतकालिक १९०७ पासून निघतं आणि या विषयातलं फार वजनदार मानलं जातं. म्हणजे आपली औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद ही तेव्हाची पाच जिल्ह्यांची भूमी ज्या वादाच्या केंद्रस्थानी होती, तो वाद दोन वर्षांत तिथे पोचला होता.

पुढे काय झालं? सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेल्या माणसांचं म्हणणं, रझाकारांच्या भीतीने रात्री शेतात झोपणाऱ्या बायकांचं म्हणणं, आणि पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेत उद्ध्वस्त झालेल्या मुसलमान कुटुंबांचं म्हणणं, जे केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीला लिहून ठेवावं लागलं, हे सगळं राज्य, मान्यता आणि अधिकारकक्षा या संकल्पनांना भिडवून लिहायचं काम आपलं होतं. आपल्या घरांतली ती पिढी आता जवळपास संपली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निझामाच्या तिथल्या बँकेतल्या पैशांचा निकाल दिला. २० सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे शरणागतीनंतर तीन दिवसांनी पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवलेले दहा लाख पौंड वाढून साडेतीन कोटी झाले होते. त्या निकालात आपल्या इतिहासाचा एक तुकडा पुन्हा कायद्याच्या भाषेत मांडला गेला. माझ्या माहितीतल्या एकाही मार्गदर्शकाने त्यावर विद्यार्थी बसवला नाही, आणि मीही बसवला नाही.

आज हे लिहायला पूर्वीपेक्षा चांगले दिवस आहेत, हे मला आपल्यापुढे मांडायचं आहे. या नियतकालिकांत काय छापलं जातं, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार बदललं आहे. पूर्वी बहुतेक लेख एखादं कलम, एखादा निकाल किंवा एखादा तह घेऊन त्याचा अर्थ लावत. ते लेख आजही येतात. पण त्यांच्या जोडीला इतिहास आला: हा कायदा वसाहतींच्या काळात कुणाच्या सोयीसाठी घडला, हे कागदपत्रं उघडून दाखवणारं लेखन. प्रत्यक्ष पाहणीही आली. एखादा तह केल्यावर जमिनीवर खरंच काय बदललं, हे मोजणाऱ्या अभ्यासांची लाट इतकी मोठी होती की २०१२ साली त्याच अमेरिकन नियतकालिकाने तिचा वेगळा आढावा छापला. आणि तिसऱ्या जगाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायद्याकडे पाहणारी परंपरा उभी राहिली. तिच्यात आपले रा. प्र. आनंद आणि बी. एस. चिमनी यांची नावं जगभर आदराने घेतली जातात. हवामान, गुंतवणूक करार, व्यापार, कंपन्यांची मानवी हक्कांबाबतची जबाबदारी, स्थलांतर, युक्रेन, गाझा... कुठलाही ताजा अंक उघडा, हेच विषय दिसतील. यातले निम्मे विषय आपल्या बांधावर येऊन उभे आहेत.

उसाचंच पाहा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ ला तिथल्या पॅनेलने निर्णय दिला: २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार परवानगीच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. आता ‘आधार’ म्हणजे काय? आपली एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर. भारताचं म्हणणं साधं होतं, की हा पैसा सरकार देत नाही, कारखाना देतो, मग ती सरकारी मदत कशी? पॅनेलने ते मानलं नाही. भारताने महिन्याभरात अपील केलं, पण अपील ऐकणारी यंत्रणाच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेली, कारण अमेरिकेने तिथल्या नेमणुका अडवून धरल्या. आजही ते अपील तसंच लटकलेलं आहे.

लातूर, धाराशिव, बीड, परभणी इथला कुठलाही ऊस उत्पादक आपल्याला सांगेल, की कागदावरची एफआरपी आणि खात्यावर पडलेली एफआरपी यात किती अंतर असतं. नियमाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. थकबाकीसाठी कारखान्याच्या गेटवर बसलेले शेतकरी आपण दर हंगामात पाहतो. मग जिनिव्हात ‘मिळालेला आधार’ म्हणून जो मोजला गेला, तो आमच्या शेतकऱ्याला प्रत्यक्षात केव्हा आणि किती मिळाला? या प्रश्नाचं उत्तर ब्राझिलियामध्ये बसून कुणी देऊ शकत नाही. ते उत्तर अंबाजोगाईच्या किंवा कळंबच्या पोराला मोटारसायकलवर फिरून, शेतकऱ्यांच्या पावत्या गोळा करून देता येतं. जगातल्या कुठल्याही चांगल्या संपादकाला असा लेख हवा असेल, कारण बाकीच्यांकडे फक्त पॅनेलचा अहवाल आहे.

त्याच फडातली दुसरी बाजू कोयत्याची. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आणि हंगाम संपला तरी पुष्कळदा ती फिटलेली नसते. गुलामगिरीविषयीच्या १९५६ च्या पूरक करारात कर्जापोटी केलेल्या बंधक श्रमाची व्याख्या आहे: कामाची वाजवी किंमत कर्जातून वळती होत नसेल, किंवा कामाची मुदत आणि स्वरूप ठरलेलं नसेल, तर ते बंधन. आमच्याकडे १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे. उचल त्या व्याख्येत बसते का, कुठे बसते, कुठे निसटते, हे शोधताना फडातल्या बायकांशी बोलावं लागेल. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्याला समिती नेमावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. पुरवठा साखळीतल्या शोषणाची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा निर्देश युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला. त्यावर तिकडे लेखांमागून लेख निघत आहेत. साखळीच्या या टोकाला उभं राहून लिहिणारा माणूस मात्र त्यांत क्वचितच भेटतो.

कापसाची गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि २०१४ च्या समझोत्यात अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला ३० कोटी डॉलर दिले. तो खटला चालला त्याच वर्षांत आपल्या कापूस पट्ट्यात घरोघरी काय घडत होतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि पाणी! मला सगळ्यात जास्त खंत पाण्याची वाटते. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९७ चा करार १७ ऑगस्ट २०१४ ला अंमलात आला. त्याचं पाचवं कलम म्हणतं, की नदीचं पाणी न्याय्य आणि वाजवी रीतीने वापरा. सातवं म्हणतं, नदीवरच्या दुसऱ्या देशाचं मोठं नुकसान करू नका. साधारण महिन्याने, १९ सप्टेंबर २०१४ ला, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने जायकवाडीचा आदेश दिला: १५ ऑक्टोबरला नाथसागराचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. आपल्या २००५ च्या कायद्यात यासाठी जे तत्त्व आहे, त्याला आपण ‘समन्यायी पाणीवाटप’ म्हणतो. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती.

एकच तत्त्व दोन जागी, महिन्याभराच्या अंतराने. एक देशादेशांतलं, दुसरं नाशिक-नगर आणि मराठवाड्यातलं. पण आपल्याकडे २०१४ च्या आदेशात ६५ हा नेमका आकडा आहे, १५ ऑक्टोबर ही नेमकी तारीख आहे, सोडलेलं पाणी नदीपात्रात किती मुरलं, वाटेत किती उपसलं गेलं आणि पैठणला किती पोचलं याच्या नोंदी आहेत. जागतिक करारात असा आकडा नाही. तिथे फक्त विचारात घ्यायच्या बाबी सांगितल्या आहेत. ‘न्याय्य’ हा शब्द आकड्यात उतरवला की काय होतं, कोण कोर्टात जातं, कुठला दरवाजा पोलीस बंदोबस्तात उघडावा लागतो, हे जगाला दाखवण्याजोगं उदाहरण आपल्या दारात आहे. गोदावरी एकाच देशातून वाहते म्हणून तिचा आंतरराष्ट्रीय कायद्याशी काय संबंध, असं एका बैठकीत मला विचारण्यात आलं होतं. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते: संबंध तत्त्वाचा आहे. डॅन्यूब नदीच्या वादात, हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या धरणाच्या खटल्यात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९७ मध्ये सामायिक नदीतल्या न्याय्य वाट्याचाच विचार केला.

आता त्या गोष्टीकडे येते, जी लिहिताना मला लाज वाटते. बारा वर्षांपूर्वी, बढतीच्या फाइलसाठी, मी एका नियतकालिकाला पैसे भरून लेख छापून घेतला. नावात ‘इंटरनॅशनल’ होतं, मुखपृष्ठावर आयएसएसएन नंबर होता आणि इम्पॅक्ट फॅक्टरही. लेख पाठवल्यावर चौथ्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं. एका शब्दाचीही दुरुस्ती सुचवली नव्हती. आयएसएसएन हा केवळ ओळखीचा क्रमांक असतो, दर्जाची खूण नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी भरले, कारण फाइलला तो कागद हवा होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आपल्या शाखेत एका शोधनिबंधाला मूळ १० गुण आहेत. तो लेख वर्षभर खपून लिहिलेला असो की चार दिवसांत, गुण तेवढेच. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नावं वगळली. नंतर केअर यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून चांगलं-वाईट ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे आपल्यावर. पीएच.डी.आधी लेख छापलाच पाहिजे ही सक्तीसुद्धा आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तरीही आपल्याकडे ‘किती पेपर झाले?’ हाच पहिला प्रश्न विचारला जातो. जी अट वरून गेली, ती आपण सवयीने धरून ठेवली आहे.

खऱ्या नियतकालिकात काय घडतं, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवं. लेखावरचं नाव काढून तो दोन अनोळखी जाणकारांकडे जातो. काही महिने लागतात, कधी वर्ष. बहुतेक लेख परत येतात. पण परत येताना पुष्कळदा त्यासोबत दोन-तीन पानांचं टिपण येतं: इथे तुमचा युक्तिवाद तुटतो, हा निकाल तुम्ही पाहिलेला नाही, ही आकडेवारी कुठून आणली. आमच्या मुलांना असं टिपण आयुष्यात एकदा तरी मिळावं असं मला वाटतं. ‘युरोपियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’चे संपादक तर दरवर्षी सांगतात, की आलेले, स्वीकारलेले आणि छापलेले लेख जगाच्या कुठल्या भागातून आले आणि त्यांत स्त्रिया किती. आपल्या विद्यापीठांनीही मान्य झालेल्या विषयांची अशी नोंद दरवर्षी जाहीर करावी. किती प्रबंध मराठवाड्यातल्या प्रश्नावर, किती क्षेत्रीय पाहणीवर आधारलेले, किती मुली. आकडे समोर आले की आपल्यालाच पुढचं दिसेल.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत जानेवारी २०२५ पासून तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं खुली झाली, पण ती सरकारी संस्थांना. तालुक्याच्या ठिकाणचं खासगी लॉ कॉलेज त्याबाहेर आहे. म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचायची सोय संलग्न कॉलेजांच्या संशोधकांना द्या. शनिवार-रविवारी तरी. जिंतूरहून किंवा किनवटहून येणाऱ्या मुलीला संध्याकाळी साडेपाचला ग्रंथालय बंद झालेलं परवडत नाही. तोवर जे मोफत आहे ते तरी वाचून घेऊ: आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सगळे निकाल, संयुक्त राष्ट्रांच्या दृकश्राव्य ग्रंथालयातली व्याख्यानं, मेलबर्न विद्यापीठाचं नियतकालिक, ‘जर्मन लॉ जर्नल’. संशोधकाने सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, देण्याआधी यातल्या कुठल्याही एका नियतकालिकाचे दोन वर्षांचे अंक वाचून, तिथे कुठले प्रश्न विचारले जात आहेत आणि आपला प्रश्न त्यांत कुठे बसतो, याचं दहा पानी टिपण द्यावं, अशी अट घाला. मराठीत लिहू द्या. विचार मराठीत पक्का झाला तर इंग्रजी नंतर आणता येतं. उलट प्रवासात माझ्या कितीतरी हुशार मुलांचा विचारच हरवलेला मी पाहिला आहे.

लहान जागेतून मोठं काम होत नाही असं कुणी म्हणालं, तर मी वानुआतूचं नाव सांगते. प्रशांत महासागरातल्या त्या छोट्या द्वीपदेशात, दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये, २०१९ साली २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. ती वर्गातल्या अभ्यासातून निघालेली कल्पना होती. वानुआतूच्या सरकारने ती उचलली, २९ मार्च २०२३ ला आमसभेने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिलं, की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्यानंतर दोन महिन्यांत सिंदफणा, मांजरा, सीना यांच्या पुरात आपल्या शेतांतली माती वाहून गेली. जमीन खरडून गेलेल्या शेतकऱ्याला त्या मताचा काय उपयोग, हे कुणीतरी तपासलं पाहिजे. ते तपासणारा माणूस या जिल्ह्यांतलाच असावा, एवढंच माझं म्हणणं.

त्या विद्यार्थिनीने आपले तीनही विषय बदलले आहेत. तिचं माहेर पैठणजवळचं. तिचे वडील डाव्या कालव्यावर शेती करतात. गेले चार महिने ती प्राधिकरणाचे आदेश आणि १९९७ चा करार शेजारी ठेवून वाचते आहे, आणि वरच्या धरणांतून पाणी सुटलं त्या वर्षांच्या नोंदी मागण्यासाठी तिने माहिती अधिकाराचे अर्ज केले आहेत. दोन उत्तरं आली, एक नाकारलं गेलं, त्यावर तिचं अपील चालू आहे. तिच्या नावावर अजून एकही पेपर नाही. येत्या बैठकीत तिचा सिनॉप्सिस आपल्यापुढे येईल. विषय ‘समन्यायी पाणीवाटप: जायकवाडी आदेश आणि आंतरराष्ट्रीय जलप्रवाह कायदा’ असा आहे. पेपर किती हे विचारण्याआधी तिला त्या नोंदींबद्दल विचारावं, एवढी विनंती आहे.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक विधी प्राध्यापिका